तोंड रस्त्याकडे

पावसाळ्यात रोज सकाळी मी गच्चीवर जाऊन पर्जन्यमापकातलं पाणी मोजतो, कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहितो आणि खाली येऊन चहा घेतो. पूर्वी चहा अर्धा होईपर्यंत फोन वाजायचा.

"काय साहेब, किती पडला?"

नमस्कार नाही, नाव नाही. मी आकडा सांगायचो. पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू यायचा. मग प्रश्न यायचा, "मंग? लय म्हणायचा का बेताचा?"

"कालच्यापेक्षा जास्त, नाना."

"ते मला पण कळतंय. रातभर पत्र्याखालीच होतो ना मी." आणि फोन बंद.

उंबरकोंडचे गणू उतेकर, म्हणजे नाना, जाऊन आता वर्ष होत आलं. तरी चहाच्या वेळी मी फोन जवळ ठेवतो. बायको म्हणते, "आता कोण विचारणार आहे?" तिचं बरोबर आहे.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. पावसाशी माझा तसा संबंध नव्हता. ज्या जुलैत तळीयेवर दरड आली, त्याच जुलैत सावित्रीचं पाणी आमच्या घरात शिरलं. भिंतीवरची पाण्याची रेघ आम्ही दोनदा रंग देऊनही पुन्हा दिसते. त्यानंतर मी पर्जन्यमापक आणला. काही करता येत नसेल तर निदान मोजावं, असा माझा स्वभाव आहे. नानांचा तसा नव्हता. त्यांना मोजून समाधान नसायचं. त्यांना उत्तर हवं असायचं.

त्यांची माझी ओळख झाली ती भांडणातून. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत उंबरकोंड आहे. वर वाघजाईची देवराई, देवराईत झरा, त्याच्या खाली आणखी दोन झरे, आणि तिन्हींचं पाणी येतं ती दोन तळी, एक मोठं, एक धाकटं. भोवती ऐन, किंजळ, हरड्याचं रान. वनखात्याने ते सगळं राखीव केलं आणि गावाच्या समितीकडे पर्यटनासाठी चालवायला दिलं. दारू नाही, प्लास्टिक नाही, उंबराच्या झाडापासून पुढे पायात चपला नाहीत. आम्ही कुटुंबासह रविवारी गेलो होतो. गेटच्या आत मोकळी जागा दिसली तिथे मी गाडी लावली आणि उतरलो. लगेच कोणीतरी बॉनेटवर थाप मारली.

"तोंड फिरवा."

मला वाटलं, माझं. समोर एक काटकुळे गृहस्थ उभे होते. खाकी हाफ पँट, पावसाळी बूट, गळ्यात तुळशीची माळ आणि त्याच माळेला अडकवलेली शिटी. कमरेच्या करगोट्याला सुतळीने बांधलेला स्टीलचा पेला.

"गाडीचं तोंड रस्त्याकडं करा. इथं सगळ्या गाड्या अशाच लागतात."

मी बघितलं. खरंच, सगळ्या गाड्या उलट्या लावलेल्या, निघायच्या तयारीत असल्यासारख्या. मी म्हणालो, "निघताना वळवीन की."

"येताना कसं पण या, साहेब. जाताना वळायला येळ मिळंल, असं तुम्हाला कोणी लिहून दिलंय?"

मुलं गाडीत हसत होती. मी चिडून गाडी वळवली. त्यांनी हाताने 'अजून, अजून' करत ती अशी लावून घेतली की पुढच्या चाकांसमोर सरळ रस्ता होता. मग म्हणाले, "आता जावा. पोटभर फिरा." जणू मगाशी काही झालंच नव्हतं.

दुपारी त्यांच्या मुलाच्या, महेशच्या, टपरीवर आम्ही जेवलो. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, वर कांदाभजी. नाना तिथे आले. मी बाकावर सरकून म्हणालो, "बसा."

"बसलोय की," नाना उभ्यानेच म्हणाले.

महेश कढईतून वर न बघता म्हणाला, "ते असेच बसतात, साहेब. त्यांच्या लग्नाच्या फोटोत पण आय बसलीय नि हे हाललेत."

पुढे माझं तिथे जाणं वाढलं. एकदा समितीच्या हिशेबात मदत केली, मग दर महिन्याला जाऊ लागलो. नाना समितीचे अध्यक्ष होते, पण अध्यक्षाची खुर्ची मी कायम रिकामी बघितली. सभा चालू असताना ते खिडकीशी असत, मग दाराशी, मग बाहेर, आणि बाहेरून ओरडून मत देत. जेवताना ताट हातात. त्यांची एक मुलगी तुडीलला दिलेली. तिथे गेले की संध्याकाळच्या गाडीने परत. काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, मला सांगत होत्या, "लेकीकडं रहायला नको म्हणतात. म्हणे नदीकाठी झोप येत नाय. बरं, घरी तरी येते का? तर डोंगराखाली पण झोप येत नाय. मंग मी म्हटलं, झाडावर मचाण बांधून देऊ का तुम्हाला?"

"बांध," नाना अंगणातून म्हणाले. "पण झाड कुठलं, ते बघून बांध."

हे असे ते आधीपासून नव्हते, असं गावातली माणसं सांगतात. चालायची सवय आधीपासून होती, पण तेव्हा चालण्याला दिशा होती. वनखात्याच्या ऑफिसात जायचं, पंचायत समितीत जायचं, पुन्हा जायचं. उंबरकोंडात अर्ध्याहून जास्त घरांना कुलूप होतं. पोरं मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला दारं उघडायची, की पुन्हा कुलूप. देवराईत वाघजाईपुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान नानांच्या घराण्याकडे. दरवर्षी सगळ्यांसाठी मागून झालं की शेवटी ते स्वतःचं एक वाक्य जोडायचे, "आणि आई, गेलेली पोरं माघारी आण." देवीने किती आणली माहीत नाही, पण नानांनी खेटे घालून हे पर्यटनाचं काम गावाला मिळवून दिलं, तेव्हा काही पोरं खरंच आली. कोणी होडी चालवू लागला, कोणी वाट दाखवू लागला. ठाण्याकडच्या एका हॉटेलच्या भटारखान्यात असलेला महेश आला आणि त्याने तळ्याकाठी टपरी टाकली. नाना म्हणे तेव्हा रोज येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या महेशचा रस्सा खाल्ला का? नाय? मंग डोंगर कशाला बघितला?"

मग तो जुलै आला. तळीयेला आसपासच्या गावांतून माणसं मदतीला गेली, त्यांत नाना होते. तिथे काय पाहिलं, हे ते माझ्यापाशी कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. परत आल्यावर त्यांनी करगोट्याला पेला बांधला, एवढं मला काकूंनी सांगितलं.

पेल्याचं काम असं. सकाळी वरच्या झऱ्यावर जायचं, पेला भरायचा, उजेडात तिरका धरून तळ बघायचा. मग मधला झरा, मग खालचा. पाण्यात माती उतरलीय का, ते बघायचं. डोंगर आतून हलला तर झरा आधी गढूळ होतो, नाहीतर नको तिथे नवा फुटतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. बघून झालं की दुपारी पुन्हा. बरोबर कोणी असेल तर पेला त्याच्या डोळ्यांपुढे धरायचे. "बघा. हाय का काय?"

"नाही, नाना. स्वच्छ आहे."

"आत्ता हाय," ते म्हणायचे, पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचे आणि चालू लागायचे.

हे 'आत्ता हाय' त्यांच्या तोंडी बसलं होतं. तब्येत कशी? आत्ता हाय. काकू घरी आहेत का? आत्ता हाय. एकदा वनखात्याचे साहेब पाहणीला आले आणि म्हणाले, "वा नाना, सगळं व्यवस्थित आहे तुमचं." नानांनी त्यांनाही तेच उत्तर दिलं. साहेबांचा चेहरा जरा उतरला.

ते दर वेळी बरोबर असत, असं मुळीच नाही. उलट माझ्या माहितीत ते एकदाही बरोबर ठरले नाहीत, आणि हे त्यांचं भाग्यच म्हटलं पाहिजे. एका श्रावणातल्या रविवारी, तळ्यावर जत्रेसारखी गर्दी असताना, मधल्या झऱ्याचं पाणी लालसर आलं. नानांनी शिटी फुंकली ती थांबवेनात. माणसं अर्धवट जेवणं टाकून, ओल्या कपड्यांनी गाड्यांकडे धावली. गाड्यांची तोंडं रस्त्याकडे होती, त्यामुळे मैदान बघता बघता रिकामं झालं. मी तिथे होतो. मी पण पळालो, हे सांगायला हरकत नाही. नंतर होडीवाला पोरगा वर जाऊन बघून आला. झऱ्याच्या वरच्या अंगाला गावातल्या दोन म्हशी पाण्यात आरामात बसल्या होत्या.

टपरीवाल्या पोरांचा संताप अनावर झाला. भज्यांचं पीठ तसंच, रस्सा तसाच. एकजण म्हणाला, "नाना, म्हशीला पण एक शिटी मारायची ना!" दुसरा म्हणाला, "तिचं पण तोंड रस्त्याकडं करा आता."

नाना धापा टाकत उभे होते. "म्हस होती ना? बरं झालं म्हस होती," ते म्हणाले. आणि पेला घेऊन खालच्या झऱ्याकडे गेले, कारण तो अजून बघायचा राहिला होता.

त्या रविवारनंतर त्यांनी मागणीच केली. आषाढ लागला की गेट बंद. नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय उघडायचं नाही.

आता हे गावाला किती महागात जाणारं होतं, ते मला चांगलं माहीत होतं. इथे माणसं येतात ती धबधबे बघायला, आणि धबधबे पावसाळ्यातच असतात. वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत होते. उन्हाळ्यात तळी अर्ध्यावर येतात, कोणी फिरकत नाही. पोरं उघड म्हणू लागली, "पावसाळा बंद म्हणजे धंदा बंद. मंग आम्ही इथं करायचं काय? आंबे मोजायचे?" ज्या माणसाने त्यांना माघारी आणलं, तोच आता त्यांना मुंबईची वाट दाखवत होता. आणि त्या पोरांत महेश होता.

नानांनी मला विचारलं, "साहेब, तुमचं आकडं काय सांगतात? किती पडला म्हणजे डोंगर येतो?"

मी म्हणालो, "नाना, माझा डबा महाडच्या गच्चीवर आहे. आणि इथे असता तरी आकडा ते सांगत नाही. पाऊस किती पडला ते मला सांगता येतं. डोंगर कधी येईल ते नाही."

"म्हंजे येणार नाय, असं पण सांगता येत नाय."

"नाही."

"मंग ठेवलाय कशाला तो डबा?"



प्रश्न समितीत सुटेना, म्हणून कोणीतरी म्हणालं, आईला विचारा. कौल लावा. त्यावर सगळे तयार झाले, नाना सर्वांत आधी. वैशाखातल्या एका सकाळी गाव देवराईत जमलं. मलाही बोलावलं होतं. वाघजाई म्हणजे शेंदूर लावलेली उभी शिळा. तिच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावायचा मान नानांचा.

त्यांनी झऱ्याचं पाणी घेतलं, पाकळ्या लावल्या, हात जोडले. "आई, पावसाळ्यात गेट चालू ठेवायचं असंल तर उजवी दे."

आणि ते थांबले. ओळख झाल्यापासून मी नानांना एका जागी थांबलेलं प्रथमच पाहत होतो. हात स्थिर, पाय स्थिर. मागे पोरं कुजबुजत होती, कोणाचा तरी फोन वाजून बंद झाला. थोड्या वेळाने उजवी पाकळी सुटली आणि शिळेवरून घसरत खाली आली.

पोरांत आनंदाची लाट उठली. नाना हलले नाहीत. त्यांनी वाकून पाकळी उचलली, ओली केली आणि पुन्हा जागेवर लावली.

"आई, नीट ऐक. पावसाळ्यात म्हणतोय मी."

"नाना, आईला कान हायत!" होडीवाला ओरडला. हशा पिकला. एक म्हातारी म्हणाली, "गणू, असं दोनदा विचारू नये रे. आई रागावते."

दुसऱ्यांदाही उजवीच पडली.

मग नाना जे बोलले ते मोठ्याने नव्हतं, पण सगळ्यांनी ऐकलं. शिळेकडे बघत म्हणाले, "तू दगडाची हायस गो आई. तुला काय भ्या?"

ज्याच्या घराण्याला गाऱ्हाण्याचा मान, त्याने हे बोलावं, याचा अर्थ काय घ्यायचा, ते कोणालाच कळेना. म्हातारीने कानाला हात लावले. कौल तर झाला होता. कौलानंतर बोलायचं नसतं.

तेव्हा महेश पुढे आला. तो फार बोलणारा नाही. त्याने आधी देवीला हात जोडले आणि मग गावाकडे वळला.

"आईनं चालू ठेवायला होकार दिलाय. चालू ठेवाच, अशी सक्ती नाय केली. काय? केली का?"

म्हातारीने नकारार्थी मान हलवली.

"मी पावसाळ्यात टपरी लावणार नाय. बाकीच्यांनी आपापलं बघा."

"अरे, तुझ्याच टपरीवर तर माणसं येतात!" होडीवाला म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय."

कुरकुर झाली, दोघे तिघे रागाने निघून गेले. पण महेशच्या त्या वाक्यात कोणाला फट सापडेना. त्याची टपरी नसली तर नुसतं गेट उघडून बाकीच्यांचं भागणार नव्हतं, म्हणून समितीने बंदच ठेवायचं ठरवलं; देवीचा शब्द मोडत नव्हता आणि गेट बंद होत होतं. खाली उतरताना मी त्याला गाठलं आणि विचारलं, "तुलाही डोंगराची भीती वाटते का?"

"डोंगराची नाय, साहेब. मी कढईसमोर उभा असतो ना, तेव्हा गिऱ्हाईक सोडून ह्यांच्याकडं बघत असतो. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. डोंगर येईल तेव्हा येईल. हा माणूस त्याच्या आधीच पायांनी झिजून संपंल."

आषाढात गेटला साखळी लागली. महेशने टपरीचं सामान घरात आणून ठेवलं, कढई उलटी करून पडवीत टांगली आणि जुन्या हॉटेलात 'दोन महिन्यांसाठी' गेला. गाडीपर्यंत सोडायला नाना आले होते. गाडी सुटेपर्यंत ते तिच्याभोवती फिरत होते, टायर बघत होते, खिडकीवर थाप मारून काच लावून घ्यायला सांगत होते. गाडी वळणाआड गेली आणि ते वरच्या झऱ्याकडे निघाले.

नारळी पौर्णिमा झाली. गेट उघडलं. हॉटेलवाला म्हणाला, अधूनमधून येणारा माणूस मला नको, राहायचं तर कायम राहा. महेश गणपतीला पाच दिवस आला आणि गेला. पुढच्या वर्षी बायको-मुलांना घेऊन गेला. कढई पडवीत तशीच राहिली. काकू ती अधूनमधून पुसत.

दोन पावसाळे गेट बंद राहिलं. डोंगर आला नाही. गावातली माणसं नानांना टोचून बोलत, "काय नाना, तुमचा डोंगर निजलाय काय?" आणि नाना ठरलेलं उत्तर देत. मला मात्र गाऱ्हाण्याच्या दिवशीचं एक सांगितलं पाहिजे. महेश गेला त्या वर्षी सगळ्यांसाठी मागून झाल्यावर ते नेहमीच्या शेवटच्या वाक्यापाशी आले, "आणि आई," म्हणाले, आणि तिथेच थांबले. मग नारळ फोडला.

पुढे त्यांच्या छातीत दुखू लागलं. महेश येऊन नाना-काकू दोघांना आपल्याकडे घेऊन गेला. त्या पावसाळ्यात सकाळचा फोन यायचा, पण मागे वारा नसायचा. रिक्षांचे आवाज असायचे. मी महाडचा आकडा सांगायचो.

कारखान्याच्या कामाने मला जुलैत ठाण्याला जावं लागलं, तेव्हा पत्ता विचारत त्यांच्याकडे गेलो. पाऊस लागून राहिला होता. महेशची खोली एका गल्लीत, आणि गल्लीच्या मागे डोंगर. डोंगरावर खालपासून वरपर्यंत घरं, एकाच्या पत्र्यावर दुसऱ्याचा ओटा. नाना दारातच होते. खूप वाळले होते. करगोट्याला पेला होता.

"बसा, नाना," मी म्हणालो.

"बसलोय की."

काकूंनी चहा केला. नानांनी तो हातात तसाच ठेवला आणि मला बाहेर नेलं. खोल्यांच्या मागे एक दगडी भिंत होती, तिच्या फटीतून पाणी झिरपत होतं. त्यांनी पेला लावला, भरेपर्यंत थांबले आणि उजेडात तिरका धरला. उजेड फारसा नव्हता.

"बघा. हाय का काय?"

मी बराच वेळ बघितलं. "स्वच्छ दिसतंय."

मला वाटलं, आता ते नेहमीचं म्हणतील. ते वर बघत होते, पत्र्यांकडे, वाळत घातलेल्या कपड्यांकडे, एका दारातून बाहेर डोकावणाऱ्या बाईकडे. "एवढी माणसं," ते म्हणाले. "हितं गेट कुठं हाय, साहेब? मी शोधलं. नाय."

निघताना अंधारून आलं होतं. काकूंचा निरोप घेऊन मी गल्लीतून चालू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. येताना घाईत ती दिसली नव्हती. गल्लीत ओळीने मोटारसायकली लावलेल्या होत्या आणि त्या सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे होती. कोणाकोणाशी ते किती भांडले असतील, कोण जाणे.

एकच मोटारसायकल डोंगराकडे तोंड करून होती. कोणीतरी नुकतीच आणून लावली असावी, इंजिनावर पडणाऱ्या पाण्याची वाफ होत होती. मी कोपऱ्यावरून मागे बघितलं. नाना तिच्यापाशी पोचले होते. दोन्ही हातांनी मागचा कॅरिअर धरून ते ती फिरवायला बघत होते. गाडी हलत नव्हती. त्यांनी छातीला हात लावला, थांबले आणि पुन्हा धरलं.

महेश कामावरून येत होता. त्याने डबा ओट्यावर ठेवला आणि पुढचं हँडल धरलं.